डिसेक्शन हॉलमध्येच बोलायला शिकवा

मेडिकलच्या मुलांना नव्याने अ‍ॅनाटॉमी (शरीररचना) शिकवायला लागलात ना, मग एक करून बघा. मीडियन नर्व्हचं (मनगटातून तळहातात जाणाऱ्या मज्जातंतूचं) डिसेक्शन, म्हणजे मृतदेहावरचं विच्छेदन, झालं की टेबलाभोवतीच्या एका विद्यार्थ्याला पेशंट करा, दुसऱ्याला डॉक्टर. तक्रार अशी: रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतात, करंगळी मात्र ठीक. असं का, हे डॉक्टरने 'नर्व्ह', 'कार्पल टनेल' हे शब्द न वापरता सांगायचं. पाठांतरवाले इथेच अडखळतात. "मनगटातल्या अरुंद बोगद्यात शीर दबलीय, करंगळीची शीर बोगद्याबाहेरून जाते," इतकं जमलं तरी पुष्कळ. (शीर म्हटल्यावर लोकांना रक्तवाहिनीही वाटते, तो घोळ तिथेच निस्तरू द्या.) मग पेशंटने ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. चुकलं तर दोष समजावणाऱ्या डॉक्टरचा. मार्क मात्र देऊ नका, तोंडं मिटतात.