नागपुरात ज्यू कुटुंबाने दत्तक घेतलेली मुलगी आपोआप ज्यू होते का?

नाही होत. परंपरेने ज्यूपण जन्मदात्या आईकडून येतं, म्हणून लहानपणीच धर्मांतर करतात: तिघांचं धर्मपीठ, मिक्वेत (विधीस्नानाच्या कुंडात) बुडी; मुलगा असेल तर सुंताही. मुलगी 12 ची, मुलगा 13 चा झाला की या धर्मांतराला ‘नको’ म्हणायचा हक्क त्यांचा. त्यामुळे दत्तक असल्याचं लपवून भागतच नाही, आणि ते बरंच आहे.

दत्तकाचं म्हणाल तर 1956 चा हिंदू कायदा ज्यूंना लागू नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याखाली कारा या केंद्रीय दत्तक संस्थेकडे अर्ज करा.

विधींसाठी मुंबई-पुण्याच्या सिनेगॉगशी (ज्यू प्रार्थनास्थळाशी) आधी बोलून ठेवा. बाकी शिकणं घरातच होतं. आमची लेक मलिद्याचे, म्हणजे आमच्या आभारविधीतल्या प्रसादाचे, पोहे भिजवते, गूळ-खोबरं कालवते, वर संत्र्याच्या फोडी. अर्ध्या फोडी ताटात पोचतच नाहीत!