करू की नको, एवढंच सांगा

"करू की नको, एवढंच सांगा मॅडम. बाकीचं माझं मी बघते."

खुर्चीत टेकायच्या आधीच तिने हे सांगून टाकलं. वय 27, कराडकडची, एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासणारी. रिपोर्टची फाईल छातीशी घट्ट धरलेली, ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना. मागोमाग आई आत आल्या आणि तिच्याकडे न बघताच म्हणाल्या, "हिला जरा समजवा. वजन उतरलं की आपोआप उतरतं सगळं. ऑपरेशन कशाला? उद्या लग्न व्हायचंय पोरीचं, बाळाला दूध कुठून पाजणार?"

(तिला विचारूनच लिहितेय. ओळख पटेल असं सगळं बदललंय.)

स्तनांचा आकार कमी करण्याच्या ऑपरेशनचा प्रश्न माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, येतो तो बहुधा असाच, दोन तोंडांनी. मुलगी करू का विचारते, आई दुधाचं विचारते, आणि घरी वडिलांना मात्र 'पाठदुखीसाठी जातोय' एवढंच सांगितलेलं असतं.

पहिल्या भेटीत मी चुकले. शरीर कसंही असो, ते आपलं आहे, लोकांच्या नजरेसाठी कापाकापी का करायची, असं बरंच काही बोलले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला लाज वाटते म्हणून नाही आले मी. मान दुखते म्हणून आले." मग कुर्त्याचा गळा थोडा सरकवून खांदा दाखवला. ब्राच्या पट्ट्याने इतका खोल वळ पडला होता की त्यात माझी करंगळी सहज बसली असती. दिवसभर मायक्रोस्कोपवर वाकून संध्याकाळी हाताला मुंग्या येत. फेब्रुवारी सरला की स्तनांखालची कातडी ओली राहून सोलवटायची, बुरशीवरची पावडर संपली की घडी घातलेला सुती रुमाल. धावपळीच्या दिवशी एकावर एक दोन ब्रा. हे तिचं रोजचं होतं आणि मी तिला स्वीकाराचं प्रवचन देत होते. मी तिची माफी मागितली.

दुसऱ्या भेटीला ती एकटी आली. त्या दिवशी बोलता बोलता निघालं की नववीपर्यंत ती 800 मीटर धावायची, तालुक्याला नंबर यायचा. एका स्पर्धेत मैदानाच्या कडेला उभी असलेली पोरं काहीतरी ओरडली. काय, ते तिने आजही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने सरांना पोटात दुखतं म्हणून सांगितलं आणि मग कधीच धावली नाही.

म्हणजे मानही दुखत होती आणि लाजही होती. पण मान दुखणं हे चारचौघांत सांगता येतं. लाज सांगितली की लगेच 'नटायची हौस' होते. म्हणून बायका एकच कारण पुढे करतात आणि दुसरं गिळतात, आणि गिळलेलं कारण ऑपरेशननंतर वर येतं. मानेवरचा भार उतरतो हो, त्यासाठीच तर हे ऑपरेशन आहे. बोलणाऱ्यांची तोंडं काही त्याने शिवली जात नाहीत. मी तिला विचारलं, "सगळं नीट झालं आणि तुझी आत्याच म्हणाली, 'अगंबाई, आता अगदीच सपाट दिसतेस', तर?" ती आधी हसली, मग बराच वेळ ओढणीची पिन उघडत-लावत बसली. "म्हणू दे," शेवटी म्हणाली. "रात्री मान तर तिची दुखत नाही."

यापुढे मला तिच्या निर्णयाची फारशी काळजी वाटली नाही. अर्थात करू की नको, हे मी तेव्हाही सांगितलं नाही. ते समुपदेशकाने सांगायचं नसतं.

आईंचं म्हणणं अगदीच चूक होतं असं नाही. स्तनात चरबी असते आणि दुधाच्या ग्रंथीही असतात. कुणात काय जास्त, ते ज्याच्या-त्याच्या अंगावर. चरबी जास्त असेल तर वजनाबरोबर आकार उतरतोही. हिने आदल्या वर्षी 6 किलो उतरवले होते. गाल बसले, पंजाबी ड्रेस आल्टर करावे लागले, ब्रा मात्र तीच. शिवाय सर्जनलाही वजन काही महिने एका जागी ठरलेलं हवं असतं, कारण नंतर बरंच वाढलं किंवा दिवस गेले तर आकार पुन्हा बदलू शकतो. त्याआधी फिजिओथेरपी करून झाली होती का, तर हो. आणि योग्य मापाची ब्रा? इथे गाडी अडली. तालुक्याच्या दुकानात काउंटरवर पुरुष, मागे गिऱ्हाइकांची रांग. जो नंबर पटकन तोंडात आला तो घेऊन ती दहा वर्षं बाहेर पडत होती. छातीभोवतीचा पट्टा सैल, कप लहान, म्हणजे सगळा भार खांद्यांवर. माप घेऊन दोन नव्या आणल्या. खांद्याला थोडा आराम पडला, मानेला नाही. तेवढं तरी कळलं.

दुधाचा प्रश्न मात्र मी गुळमुळीत सोडत नाही. 'काही होत नाही हो' असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. बहुतेक वेळा स्तनाग्र आतल्या भागाशी जोडलेलं ठेवूनच वर सरकवतात, त्यामुळे पुढे अंगावर पाजणं अनेकींना जमतं. पण पुरेसं दूध येईल अशी हमी कुणीही देऊ शकत नाही, वरचं दूध द्यावं लागू शकतं. फारच मोठ्या स्तनांत कधी कधी स्तनाग्र पूर्ण सुटं करून पुन्हा लावतात, तेव्हा पाजता येत नाही. तिथली संवेदना कमी होऊ शकते, जाऊही शकते. हे मी दोघींना एकत्र बसवून सांगितलं. आई म्हणाल्या, "मग लग्न-बाळंतपण उरकून कर की." हाही एक रस्ता आहे आणि काही जणी तो घेतात, मग पाजणं थांबल्यावर काही महिने जाऊ द्यावे लागतात. लेकीने विचारलं, "आणि लग्न कधी ठरणार, आई?" स्थळं तीन वर्षं येत होती. आई गप्प झाल्या.

मी तिला घरी एक कागद लिहायला दिला: दूध कमी पडलं तर मी काय करीन, मला काय वाटेल, कोण काय बोलेल. तो घेऊन ती आली तेव्हा डोळे सुजलेले होते. तिने तो वाचला नाही, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "चालेल मला."

होणाऱ्या नवऱ्याला सांगायचं का, हेही तिने विचारलं. वण कायमचे राहतात: स्तनाग्राभोवती गोल, तिथून खाली उभा, आणि पुष्कळदा खालच्या घडीत आडवा. ते लपवून संसार सुरू करू नये, असं माझं मत. पण ते सांगायचं त्या एकट्याला, साखरपुड्याआधी. कांदेपोहे खायला जमलेल्या बारा जणांना नव्हे.

डॉक्टरकडे जायची तयारी हा आमच्या कामातला सर्वांत मोठा भाग निघाला. तिची खरी भीती भूल किंवा टाके नव्हतीच. अनोळखी माणसासमोर कपडे काढायची होती. म्हणून तिथे काय होतं ते मी एकेक करून सांगितलं. उभं करून टेपने माप घेतात, गळ्याच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंत. फोटो काढतात, त्यात चेहरा नको म्हणता येतं, आणि जाहिरातीसाठी वापरायला लेखी नकार देता येतो. तपासणीच्या वेळी नर्स हवी, असं म्हणता येतं. ऑपरेशनच्या दिवशी उभ्यानेच पेनाने खुणा करतात. हे शब्द तिने माझ्यासमोर तीन वेळा म्हणून बघितले. पहिल्यांदा आवाज फुटेना. प्रश्नही लिहून नेले: डॉक्टरांकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. ही पदवी आहे का, अशी ऑपरेशनं किती केली, जखम उघडली तर पुन्हा यायचं कुणाकडे. दोन डॉक्टरांना भेटली. पहिल्यांनी पाच मिनिटांत पॅकेज सांगितलं. दुसऱ्यांनी तिला बसवून घेतलं आणि नेमक्या कपचं वचन देता येत नाही म्हणाले, अंगाला शोभेल आणि स्तनाग्राचा रक्तपुरवठा टिकेल एवढंच काढणार. ती दुसऱ्यांकडे गेली.

सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं (तिच्याच लॅबमध्ये, मैत्रिणीकडून). फॉर्मवर 'धूम्रपान: नाही' लिहिलेलं. मी सहज विचारलं, "मिश्री लावतेस का?"

"सकाळ-संध्याकाळ," ती म्हणाली. "आजीमुळे सवय लागली. पण ती काय सिगारेट आहे का?"

मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि या ऑपरेशनमध्ये कातडी आणि स्तनाग्र जगतं ते त्याच वाहिन्यांवर. जखम चिघळते, कधी कातडी काळी पडते. तिने डॉक्टरांना फोन केला आणि तारीख दीड महिना पुढे गेली. मिश्री सोडणं हे तिला ऑपरेशनच्या निर्णयापेक्षा जड गेलं, हे मी गमतीने लिहीत नाही. पहिला आठवडा ती बडीशेप चघळत माझ्याशी भांडत होती.

विम्याचं थोडक्यात: पॉलिसीत सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. आरोग्याला थेट धोका आहे आणि उपचार गरजेचा आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं तर अपवाद होऊ शकतो. फिजिओथेरपीचे, त्वचारोगाचे कागद जपून ठेवावेत ते यासाठी. हिचा अर्ज नाकारला गेला. तिने आरडी मोडली.

ऑपरेशनला तीनेक तास लागले, दुसऱ्या दिवशी घरी. काढलेला भाग नेहमीप्रमाणे तपासणीला गेला, काही निघालं नाही. चौथ्या दिवशी तिचा फोन आला, नुसती रडत होती. काही झालं नव्हतं. सूज, निळेपण, हात वर करून वेणी घालता येत नाही, आणि आरशातलं अंग ओळखीचं नाही. असे दोन-चार दिवस येतात हे आधी सांगून ठेवलं होतं, तरी आले. सहा आठवडे सपोर्ट ब्रा, घागर-बादली उचलायची नाही. घट्ट काही नको म्हणणाऱ्या शेजारणींना आईंनीच दारातून परत पाठवलं. उजवीकडचा वण आजही थोडा जाड आहे, सिलिकॉन जेल चालू आहे. डाव्या स्तनाग्राला स्पर्श कमी कळतो. हे तिने मला चहा ढवळत सांगितलं, आणि मग सांगितलं की ती पालथी झोपते आता.

त्या भेटीला आईही आल्या होत्या. लेक पैसे द्यायला बाहेर गेली तसा त्यांनी पदर खांद्यावरून जरा बाजूला केला. तसाच वळ, जास्त जुना.

"माझ्या वयात करतात का हो?"

"करतात. तुमची शुगर आटोक्यात हवी, आणि चाळिशी उलटलीय म्हणून आधी मॅमोग्राफी," मी म्हटलं. "आणि काकू, मिश्री?"

त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.