राहू दे म्हटलं म्हणून

प्रश्न : बाई, जय ख्रिस्त. आमची शेती कवठेमहांकाळ तालुक्यात. वडील गेल्यावर रान माझ्या हाती आलं आणि गेली 12 वर्षं दर नांगरटीला मी चुलतभावाच्या बाजूचा बांध थोडा थोडा कोरत आलो. बांधाच्या मधोमध असलेली बाभूळ आता पुरती माझ्या रानात आली आहे. यंदा मन खायला लागलं. चर्चच्या पत्र्यांसाठी 21,000 रुपये दिले. मग भावापाशी बोललो, तर तो म्हणाला, "राहू दे दादा, तीन फुटानं काय होतंय." तरी झोप नाही. परवाच्या रविवारी चर्चमध्ये बायबलातला अरवनाच्या खळ्याचा वाचनभाग होता. दावीद राजाला वेदीसाठी अरवना सगळं फुकट देत होता, तर राजानं पैसे का मोजले? आणि भावानं सोडून दिलंय, मग माझ्याकडं काय राहिलं? पत्र्यांचे पैसे कमी पडले का?

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रातली ती बाभूळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तिच्याकडं येते. आधी खळं.

मी जत तालुक्यातली. शाळूची मळणी बैलांनी होताना मी पाहिली आहे. शेणानं सारवलेली जमीन, मधे तिवडा, त्याभोवती फिरणारी बैलांची पात, आणि वारं सुटलं की उपणणी. त्यामुळं 2 शमुवेलाचा 24वा अध्याय वाचताना माझं लक्ष राजापेक्षा अरवनाकडंच जातं. तो काय देऊ करतोय ते नीट बघा. खळं देतो. होमार्पणाला बैल देतो. सरपणाला मळणीची औजारं आणि बैलांची जुवं देतो. शेतकऱ्याला विचारा, बैल वेदीवर गेले आणि जू चुलीत गेलं तर पुढची सुगी कशानं करायची? 1 इतिहासात तर लिहिलंय की तो त्या वेळी चार मुलांना घेऊन गहू मळत होता, आणि तो गहूही त्यानं अन्नार्पणासाठी पुढं केला. घरादाराचं पोट होतं ते.

आणि हा अरवना कोण? यबूसी. ज्या लोकांकडून दावीदानं यरुशलेम जिंकून घेतलं, त्यांच्यातला. राजा चाकरांसह खळ्यावर आलाय आणि हा जमिनीला डोकं टेकून नमलाय. अशा वेळी "घ्या महाराज" याशिवाय त्याच्या तोंडून दुसरं काय निघणार होतं? त्याचं मन खोटं होतं असं मी म्हणत नाही. कदाचित अगदी मनापासून देत असेल. पण दावीद त्याचं मन तोलत बसला नाही. तो म्हणाला, नाही, मी मोल देऊनच घेईन. मला ज्याचं काही पडलं नाही, ते होमार्पण मी माझ्या देवाला करणार नाही. खळं आणि बैल यांचे त्यानं 50 शेकेल रुपे मोजले. आजच्या मापानं अर्ध्या किलोहून थोडी जास्त चांदी.

हे बोलण्याआधी काय घडलं होतं ते विसरू नका. दावीदानं लोकांची शिरगणती केली होती. त्याचा सेनापती यवाब नको म्हणत होता, पण राजापुढं त्याचं चाललं नाही. 9 महिने 20 दिवस माणसं देशभर हिंडली. आकडा हातात आला आणि दावीदाचं मन त्याला टोचू लागलं. देवाचा निरोप आणणारा गाद द्रष्टा तोवर आलेलाही नव्हता. मग शिक्षा म्हणून मरी आली आणि 70,000 माणसं गेली. तेव्हा तो ओरडला : पाप मी केलं, या मेंढरांनी काय केलं? तुझा हात माझ्यावर आणि माझ्या बापाच्या घराण्यावर पडू दे. माझ्या मते त्या 50 शेकेलांचं उत्तर इथं आहे. त्याच्या चुकीचं मोल तोवर दुसऱ्यांनीच भरलं होतं. आता पश्चात्तापाची वेदीही दुसऱ्याच्याच बैलांवर उभी करायची, हे त्याला सोसलं नाही.

आता तुमचा भाऊ. आपल्याकडं भाऊबंदकीत "राहू दे" या शब्दाला किती अर्थ असतात, तुम्हाला सांगायला नको. कोर्टाच्या तारखा नकोत. पोरांच्या लग्नात चुलते मांडवात हवेत. थोरल्याशी वाद घालायची सवय नाही. यातलं काही असेल किंवा खरंच त्यानं क्षमा केली असेल. केली असेल तर ते त्याचं अर्पण झालं. तुमचं अजून व्हायचं आहे.

पत्र्यांचे पैसे कमी पडले नाहीत. रकमेचा प्रश्नच नाही. बायबलातल्या लेवीय पुस्तकात पापार्पणाला मेंढरू परवडत नसेल तर दोन पारवे चालतात, तेही जमत नसेल तर एफा नावाच्या मापाचा दहावा भाग सपीठ चालतं. पण मला सांगा, त्या 21,000 मध्ये कोरलेल्या बांधावरच्या बारा सुग्या नाहीत का?

वडील वारले त्या वर्षी मी चौदा वर्षांची होते. सुगीच्या उपकारस्तुतीला चर्चमध्ये एक पायली शाळू द्यायचा आमच्या घरचा रिवाज. आई रडण्यातून सावरली नव्हती, म्हणून माप मी भरलं. रास टपोरी, मोत्यासारखी पडली होती. मी तिला हात लावला नाही. खळ्याच्या तळाचं मातेरं भरलं, वरून मूठभर चांगला दाणा पसरला. आईनं मापात हात घातला. बोटांना खडे लागले. एक शब्द न बोलता तिनं पायली कोंबड्यांपुढं ओतली आणि माझ्या हातात रिकामं माप दिलं. मी राशीतून भरलं, तेव्हा तिनं स्वतःच्या हातानं वर शीग लावली. पुढं मलाखीच्या पहिल्या अध्यायात देवाला अर्पण केलेल्या लंगड्या आणि रोगट जनावरांबद्दलचं "हे आपल्या सुभेदाराला देऊन बघ" वाचलं, आणि मला ते खडे हाताला लागले.

51व्या स्तोत्राचा आधार पुष्कळ जण घेतात : देवाला यज्ञ नको, भग्न हृदय हवं. खरं आहे. पण तेच स्तोत्र संपतं वेदीवरच्या गोऱ्ह्यांपाशी. मन मोडलं की हात आपोआप सुटतो, असा तो क्रम आहे.

नियमशास्त्रात तुमच्यासाठी वाट अगदी स्वच्छ आहे. शेजाऱ्याची मेर, म्हणजे हद्द, सारू नये, हे अनुवाद नावाच्या पुस्तकात आहे, आणि सारणाऱ्यावर शापही आहे. ज्यानं दुसऱ्याचं लुबाडलं त्यानं आधी कबूल करावं, घेतलेलं पुरतं परत करावं, वर पाचवा हिस्सा घालावा, आणि ज्याचं त्याच्या हाती द्यावं. दोषार्पणाचा मेंढा त्यासोबत.

तेव्हा नांगरटीआधी, रान मोकळं आहे तोवर, भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. फी तुम्ही भरा. मोजणीच्या दिवशी भाऊ आणि वहिनी दोघंही रानात हवीत. हद्दीचे दगड त्यांच्यासमोर रोवून घ्या आणि बांध तुमच्या ट्रॅक्टरनं, तुमच्या डिझेलवर घाला. 12 वर्षांचं त्या पट्ट्यातलं पीक किती झालं असतं, याचा हिशेब कागदावर मांडा, त्यावर पाचवा हिस्सा चढवा आणि भावाच्या घरी जाऊन द्या. तो पुन्हा "राहू दे" म्हणेल. तेव्हा म्हणा, "तुला राहू दे वाटतंय, मला राहवत नाही." मुलांसमोर म्हणा, बांध कोरताना ती ट्रॅक्टरवर शेजारी बसलेली असतील.

बाभूळ पुन्हा बांधावर येईल. तोडू नका.

चर्चला दिलेले पैसे परत मागू नका. पत्रे बसलेत, पाऊस अडतोय, राहू द्यात.