स्पॉन्सरशिपची गरज लपवू नये, नेमकी सांगावी

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपली कन्या ब्रिटनमध्ये डेटा सायन्सचे पदव्युत्तर शिक्षण घेत असून सप्टेंबरमध्ये तिचा अभ्यासक्रम पूर्ण होईल. नोकरीच्या ऑनलाइन अर्जात ‘आपल्याला सध्या किंवा भविष्यात व्हिसा स्पॉन्सरशिपची आवश्यकता भासेल का?’ (म्हणजे आपल्या कामाच्या व्हिसासाठी कंपनीने अधिकृत जबाबदारी घ्यावी लागेल का) या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर दिले की नकाराचा ईमेल येतो, म्हणून तिने ‘नाही’ लिहावे का, असे आपण विचारले आहे. तसे मुळीच लिहू नये. नेमणुकीपूर्वी कंपनीला तिचा काम करण्याचा अधिकार ऑनलाइन तपासावाच लागतो आणि त्या तपासणीत व्हिसाची मुदत स्पष्ट दिसते. त्या टप्प्यावर खोटे उघडकीस आले, तर हाती आलेली नोकरी जाते आणि कंपनीचा विश्वासही उडतो. जिथे केवळ सध्याच्या अधिकाराविषयी विचारलेले असेल, तिथे मात्र त्या दिवशीच्या व्हिसानुसार उत्तर द्यावे; न विचारलेली माहिती त्या रकान्यात भरण्याची गरज नाही.

माझ्या मते खरी अडचण उत्तरात नसून अर्ज कुठे केले जात आहेत यात आहे. परदेशी कर्मचाऱ्याला स्पॉन्सर करण्याचा परवाना असलेल्या संस्थांची यादी ब्रिटिश सरकार आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करते. तिच्यात प्रत्येक संस्थेपुढे गाव, दर्जा आणि व्हिसाचा प्रकार दिलेला असतो. ‘स्किल्ड वर्कर’ (कुशल नोकरीसाठीचा व्हिसा) हा प्रकार आणि ‘ए’ दर्जा असलेल्या संस्थाच तिने निवडाव्यात, कारण ‘बी’ दर्जाच्या संस्थेला दर्जा सुधारेपर्यंत नवा कर्मचारी स्पॉन्सर करता येत नाही. कंपनी बाजारात ज्या नावाने ओळखली जाते त्याच नावाने ती यादीत सापडेल असे नाही, म्हणून नोंदणीकृत नावानेही शोधावे. अर्थात परवाना आहे म्हणजे प्रत्येक पदासाठी स्पॉन्सरशिप मिळेलच असे नाही. पद पदवीच्या पातळीचे असावे लागते आणि पगारही ठरलेल्या किमान रकमेइतका असावा लागतो.

या पगाराच्या अटीत आपल्या कन्येच्या बाजूचा एक नियम आहे आणि तो तिने मुलाखतीपूर्वी नीट समजून घ्यावा. २२ जुलै २०२५ पासून सर्वसाधारण किमान वार्षिक पगार ४१,७०० पौंड आहे. परंतु स्टुडंट किंवा ग्रॅज्युएट व्हिसावरून (शिक्षणानंतर काही काळ ब्रिटनमध्ये राहून काम करू देणाऱ्या व्हिसावरून) येणाऱ्या नवोदितांसाठी ३३,४०० पौंड किंवा त्या पदाच्या प्रचलित दराच्या (सरकारने त्या पदासाठी ठरवलेल्या पगाराच्या) ७० टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती पुरते. ही सवलत एकूण चार वर्षांपुरती असते आणि ग्रॅज्युएट व्हिसावर घालवलेला काळ त्यातच मोजला जातो. शिवाय स्टुडंट व्हिसावरून थेट स्किल्ड वर्कर व्हिसावर जाणाऱ्या व्यक्तीसाठी कंपनीला ‘इमिग्रेशन स्किल्स चार्ज’ (परदेशी कर्मचाऱ्याला स्पॉन्सर करताना सरकारला द्यायचा आकार) भरावा लागत नाही. ग्रॅज्युएट व्हिसावरून गेल्यास मात्र तो भरावा लागतो आणि मोठ्या कंपनीसाठी तो वर्षाला १,३२० पौंड आहे. अनेक कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांनाही हा फरक चटकन आठवत नाही. म्हणून तिने अर्जासोबतच्या पत्रात दोन वाक्ये जरूर लिहावीत: मला स्पॉन्सरशिप लागेल, मात्र मी नवोदितांच्या पगार-अटीत बसते, आणि माझ्या स्टुडंट व्हिसाच्या मुदतीत अर्ज झाल्यास आपल्याला हा आकार लागू होणार नाही.

तोपर्यंत नोकरी मिळाली नाही, तर ग्रॅज्युएट व्हिसा अवश्य घ्यावा. १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांवर, पीएचडीधारक वगळता, तो दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचाच मिळणार असल्याने अर्जाची तारीख महत्त्वाची ठरते. त्या काळात मिळेल ती नोकरी धरून बसण्यापेक्षा, पगार थोडा कमी असला तरी, परवानाधारक कंपनीत लागणे मला अधिक हिताचे वाटते. कारण काम पाहिलेल्या माणसासाठी कंपनी खर्च करायला सहज तयार होते.

आपण ज्या मध्यस्थाचा उल्लेख केला आहे, त्याला एक पैसाही देऊ नये. परवान्याचे शुल्क, स्पॉन्सरशिप प्रमाणपत्राचे (व्हिसाच्या अर्जासाठी कंपनी देते त्या दाखल्याचे) शुल्क आणि वर सांगितलेला आकार कंपनीनेच भरायचा असतो. यांपैकी काहीही कर्मचाऱ्याकडून वसूल करण्यास मनाई आहे. पैसे घेऊन मिळवलेले प्रमाणपत्र बनावट निघाले किंवा त्या कंपनीचा परवाना रद्द झाला, तर तिचा व्हिसाच धोक्यात येईल.

आपला,
करिअर मार्गदर्शक