घोषणा सरकारला कधी बांधते?

पुणे

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मंत्र्यांनी भाषणात केलेली घोषणा सरकारला पाळायला लावायची, तर नुसता भाषणाचा व्हिडिओ आणि पेपरातलं कात्रण घेऊन कोर्टाची पायरी चढू नकोस. दिल्लीत काय झालं ते बघ. गरीब भाडेकरूंचं भाडं सरकार भरेल, असं मुख्यमंत्र्यांनी २९ मार्च २०२० ला पत्रकार परिषदेत सांगितलं. जुलै २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी हा शब्द बंधनकारक ठरवला. सप्टेंबरमध्ये खंडपीठाने त्या निकालाला स्थगिती दिली.

म्हणून आधी कागद शोध. राज्याचा विषय असेल तर शासन निर्णय हवा, आणि त्याच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ हवी. राज्यघटनेचा अनुच्छेद १६६ तेच सांगतो. मग लेखाशीर्ष (अर्थसंकल्पातल्या ज्या खात्यातून पैसा यायचा ते) आणि वित्त विभागाचा अनौपचारिक संदर्भ क्रमांक (त्या विभागाच्या संमतीची खूण) बघ. बहुतेक घोषणा इथेच अडकतात, कारण मंत्र्यांनी जाहीर केलेल्या पैशाची तरतूदच झालेली नसते. महापालिकेचं असेल तर मुख्य सभेचा ठराव काढ. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य शासन तो विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं, तेही तपास.

कागद अर्धवट असला तरी एक वाट उरते, वचन-विबंधाची; म्हणजे दिलेल्या शब्दावर विसंबून कोणी पाऊल उचललं, तर शब्द देणाऱ्याला तो फिरवता येत नाही. १९७९ च्या मोतीलाल पदमपत खटल्यात उत्तर प्रदेश सरकारने नव्या वनस्पती कारखान्याला तीन वर्षं विक्रीकर माफ करायचं लेखी कळवलं होतं. कंपनीने त्या भरवशावर कर्ज काढून कारखाना उभारला, आणि सर्वोच्च न्यायालयाने सरकारला शब्दाला बांधलं. यात तारखा सगळ्यात महत्त्वाच्या. खर्च आश्वासनानंतरचा, त्यावर विसंबूनच केलेला दिसला पाहिजे. आधीचा असेल तर दावा तिथेच ढासळतो. कायद्याविरुद्ध दिलेलं वचन मात्र कोणालाच बांधत नाही, आणि मोठं लोकहित दाखवून सरकार सुटूही शकतं.

माहिती अधिकारात फाइलवरच्या टिपण्या माग. मुदत ३० दिवस. मग खात्याकडे लेखी मागणी कर आणि पोच घे, कारण मागणी न करता रिट (सरकारला आदेश द्यावा म्हणून उच्च न्यायालयात करायचा अर्ज) केली तर पहिला आक्षेप तोच येतो. पुण्याची रिट मुंबईलाच. दिवाणी दावा लावायचा असेल तर शासनाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते.

आणि व्हिडिओ ज्या फोनवर घेतलास तो विकू नकोस. व्हिडिओ पुरावा म्हणून द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं लागेल.

सस्नेह