टॉवेल बाजूला ठेवा, राळ्याचं कणीस हातात घ्या

ताई, भावाची बदली झाली म्हणून त्याचा दीड वर्षाचा कॉकाटिएल, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला पोपटाच्या जातीचा छोटा पाळीव पक्षी, नऊ दिवसांपूर्वी तुमच्या दारव्ह्याजवळच्या घरी आला. हात आत घातला की फिसफिसतो, मुलाच्या बोटाला कडकडून चावला. शेजारचे काका म्हणतात, दोन दिवस उपाशी ठेवा, मग टॉवेलात धरून हातावर बसवा, आपोआप वळण लागतं. कृपा करून हे करू नका. जेमतेम ९०-१०० ग्रॅमचा जीव तो, उपासाने आजारी पडेल. आणि टॉवेलात धरलेला पक्षी एवढंच शिकतो की हात आला म्हणजे आपण पकडले जाणार.

मी हे स्वतः करून बसलोय. माझ्या पहिल्या कॉकाटिएलला मी असाच रोज धरायचो. तो बोटावर बसायचा, पण अंग आवळून. मला वाटायचं, शांत झाला. तो भीतीने थिजलेला होता, हे मला फार उशिरा कळलं. नंतर कित्येक महिने मी नुसता खोलीत शिरलो तरी तो मागच्या सळ्यांना जाऊन चिकटायचा. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून आधी त्याचा तुरा वाचायला शिका. तुरा डोक्यावर चपटा आणि सोबत फिसफिस, म्हणजे 'दूर हो'. एकदम ताठ उभा, म्हणजे दचकलाय. अर्धवट मागे झुकलेला, सैल, म्हणजे बरं चाललंय. तुमचं काम फक्त सैल तुऱ्याच्या वेळी.

पहिले चार-पाच दिवस हात आत घालूच नका. दाणा-पाणी बदलायचं तेवढं बदला. बाकी वेळ पिंजऱ्यापासून दोन हातांवर बसून तांदूळ निवडा, मुलाचा अभ्यास घ्या, त्याच्याशी हळू आवाजात बोला. टक लावून बघू नका. मग राळ्याचं कणीस सळ्यांमधून लांबूनच धरा. राळा नसेल तर बाजरीचं धरा. तो पुढे आला नाही तर कणीस घेऊन निघून जा, आग्रह नको. एकदा खायला लागला की रोज कणीस बोटांत थोडं आखूड धरायचं. पुढे दार उघडून तेच करायचं, आणि मग कणीस अशा ठिकाणी धरायचं की ते खायला त्याला तुमच्या बोटावर पाय ठेवावा लागेल. बोट त्याच्या पायांच्या किंचित वर, पोटाशी आडवं आणा आणि दरवेळी एकच शब्द म्हणा, 'ये'. सकाळ-संध्याकाळ पाच-सात मिनिटं, दाणे भरण्याआधी. सूर्यफुलाच्या बिया वाटीत टाकू नका, त्या फक्त बक्षीस म्हणून हातातून द्या. चावला तर ओरडू नका, हात झटकूही नका. कोणाला दोन आठवडे लागतात, कोणाला तीन महिने.

रात्रीचं मात्र आजच बघा. तुम्ही लिहिलंय की परवा लाइन गेली आणि पिंजऱ्यात एकदम धडपड झाली, सकाळी दोन पिसं पडली होती. कॉकाटिएलला हा त्रास असतो. अंधारात जरा काही हललं की घाबरून सळ्यांवर आपटत सुटतो. माझ्याकडे अशाच एका रात्री नव्याने फुटणारं पीस मोडलं. त्या पिसाच्या नळीत रक्त असतं, ते थांबेना. कॉर्नफ्लोअर दाबून धरलं तेव्हा कुठे थांबलं. आपल्याकडे लाइनचा भरवसा नाही, म्हणून झीरोचा बल्ब नको, चार्जिंगचा मंद दिवा ठेवा. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला असू द्या आणि मांजर येईल ती खिडकी लावा.

पिंजरा स्वयंपाकघरात नको. चुलीचा धूर त्याला सोसत नाही, आणि नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मरतात. मे महिन्यात चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकू लागला तर लगेच सावलीत न्या आणि पाण्याचा बारीक फवारा मारा. कुलरची हवा थेट अंगावर नको. कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत बांधावरचं कणीस, पालवी काहीच देऊ नका. फवारून आलेल्याने अंघोळ केल्याशिवाय पिंजऱ्याला हात लावू नये.

तो 'राम राम' म्हणेल का? राखाडी अंगाचा असून तोंड पिवळंधमक असेल तर नर आहे. नर शीळ छान उचलतो, काही जण घोगऱ्या आवाजात शब्दही बोलतात. मादी क्वचितच. आधी शीळ शिकवा.

आणि मुलगा जोडीला बाजारातून हिरव्या राघूचं पिल्लू आणू म्हणतो, त्याला नाही म्हणा. ती पिल्लं झाडाच्या ढोलीतून काढून आणतात, आणि राघू पाळणं १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने गुन्हा आहे. कॉकाटिएल मूळचा ऑस्ट्रेलियाचा, त्याला ही बंदी नाही. कोणी पिल्लं विकताना दिसलं तर वनविभागाला १९२६ वर कळवा.

अंग फुगवून तळाशी बसून राहिला, खाणं सोडलं तर थांबू नका. अकोल्याच्या पशुवैद्यकीय संस्थेत किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या. एरवी आज रात्री दिवा लावा आणि आठवड्याने तुरा कसा असतो ते मला सांगा. मग दार कधी उघडायचं ते बघू.