जॉबकार्डवरची पहिली तारीख

नेरुळच्या एका वाचकाचं पत्र आहे, आणि अशी पत्रं मला सारखी येतात. काटा पाव टाकी दाखवत होता, तरी पाम बीच रोडवर रात्री पेट्रोल संपून नवी गाडी बंद पडली. मागच्या सीटवर आई होती. वॉरंटीत चार वेळा वर्कशॉपला नेली, दर वेळी ‘ओके’ म्हणून परत मिळाली. वॉरंटी दोन महिन्यांपूर्वी संपली आणि आता दुरुस्तीचे पैसे मागतायत. गाडी बदलून मिळेल का, असं त्यांनी विचारलंय.

दोष कोणाचा, यावर मी शब्द खर्च करत नाही. तुमच्या कागदांत मी एकच गोष्ट शोधली, पहिल्या जॉबकार्डची, म्हणजे वर्कशॉपने गाडी घेताना तक्रार नोंदवलेल्या कागदाची, तारीख. तिला दोन वर्षं पूर्ण व्हायला पाच आठवडे उरलेत. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांत ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. शेवटच्या फसलेल्या दुरुस्तीपासून मुदत मोजा, असा युक्तिवाद करता येतो, पण त्या भरवशावर राहू नका. वकिलाची नोटीस पाठवल्याने मुदत वाढत नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण ‘मॅनेजर बघतो म्हणत होते’ हे कारण फार तोकडं पडतं.

आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जॉबकार्डवर नुसतं ‘जनरल सर्व्हिस’ लिहिलेलं असताना तुम्ही सही का केलीत? काट्याची तक्रार तोंडी सांगितलीत, ती कागदावर कुठेच नाही. हे मला खरोखर खटकलं. वर्कशॉपशी झालेले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज असतील तर ते आजच जपून ठेवा.

बाहेरच्या मेकॅनिककडून काहीही बदलून घेऊ नका, पुरावा जाईल. त्याच वर्कशॉपला लेखी कळवून तुमच्यासमोर तपासणी मागा. बऱ्याच गाड्यांत मागची सीट उचलली की खाली झाकण असतं, त्याखाली पंपाला जोडलेला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा भाग. तो बाहेर काढून त्याची दांडी हाताने सावकाश वर-खाली करायला सांगा आणि काट्याचं शूटिंग करा. दांडी हलते, मेकॅनिकच्या मल्टिमीटरवर रेझिस्टन्सही (विजेचा रोध) नीट बदलतो, पण काटा जागचा हलत नाही, तर दोष वायरिंगमध्ये किंवा डॅशबोर्डच्या मीटरमध्ये. रेझिस्टन्सच अडखळत असेल तर टाकीतला सेंडर, म्हणजे काट्याला पातळी कळवणारा भाग, गेलाय. जे दिसेल ते जॉबकार्डवर लिहून घ्या. नकार दिला तर तो नकारही ईमेलवर मागा.

गाडी बदलून मिळण्याची आशा धरू नका. वॉरंटी भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असेल तर तेवढंच मागता येतं, असं सुप्रीम कोर्टाने 2006 मध्ये म्हटलंय. फुकट दुरुस्ती, टोइंगचा खर्च आणि मनस्तापाची भरपाई मागा. किती मिळेल हे आज सांगता येणार नाही.

गाडी नऊ लाखांची, म्हणजे फी 200 रुपये. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. कायद्यात निकालाला 3 महिने, तपासणी लागली तर 5 महिने दिलेत. प्रत्यक्षात तारखांवर वर्षं जातात, आणि याची चीड इतक्या वर्षांनीही कमी झालेली नाही. म्हणून एक गोष्ट सोडू नका. समोरच्यांना उत्तरासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 मिळतात. त्यापुढे एकही दिवस नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय. 46व्या दिवशी उत्तर आलं तर तिथेच लेखी हरकत घ्या.

तपासणी येत्या आठवड्यात उरका. ती झाली नाही तरी तक्रार मात्र महिन्याच्या आत दाखल झालीच पाहिजे.